बासुंदीचे पातेले आणि पुढची जागा

मंगळवार, १९ ऑक्टोबर २००४. हाउन्सलो.
ढगाळ. गोळ्या वेळेवर घेतल्या. सौ. मेधाचे वडील, म्हणजे आमचे व्याही श्री. देशकर, नागपूरहून येऊन आज चोवीस दिवस झाले. त्यांचे नाव लिहिण्यात शाई फार जाते, यापुढे नुसते व्या. लिहीन.

चि. सुधीरने मोटारीतील पुढची जागा त्यांना दिली ती विमानतळावरून आणताना. पाहुणे म्हणून मी काही बोललो नाही. पहिल्या दिवसाची गोष्ट चोवीस दिवस चालेल, याची कल्पना नव्हती. मी मुलाचा बाप आहे. आमच्या गावी मुलीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरी जेवत नसे. चि. ईशा दहा वर्षांची आहे, तेव्हा जेवण्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु पुढची जागा ही वेगळी बाब आहे.

आज विचारले. सुधीर म्हणाला, "अण्णा, बाबांना मागे लेगरूम पुरत नाही ना. तुम्ही कसे, कुठेही मावता."

मी पाच फूट चार इंच आहे, हे खरे. आणि तो त्यांना बाबा म्हणतो. मला जन्मल्यापासून अण्णा. बाबा हा शब्द त्याच्या तोंडात आहे, हे मला त्याच्या बेचाळिसाव्या वर्षी समजले.

गुरुवार, २१ ऑक्टोबर.
पाऊस. बाहेर गेलो नाही.
ईशाला मी गेल्या वर्षी पावकी आणि निमकी शिकवू लागलो होतो. हसायची. "आजोबा, हा पाढा अर्धा कशाला?" असे विचारून पळायची. आज व्या.नी तिला इंग्रजीतून कागदावर तेच शिकवले, पोळीचे चित्र काढून. एक चतुर्थांश, दोन चतुर्थांश. ती तासभर त्यांना टेकून बसली होती. तीच पावकी. मी शेजारच्या खुर्चीवर वर्तमानपत्र धरून बसलो होतो. पान उलटले नाही.

व्या. महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवीत होते. येथील सर्व मंडळी त्यांना सर म्हणतात. मी व्याहीबुवा म्हणतो.

शनिवार, २३ ऑक्टोबर.
दसरा काल झाला. येथे सण रविवारी करावा लागतो. उद्या ईलिंगला प्रधानांच्या घरी बारा-चौदा कुटुंबांचे जेवण. दर वर्षी बासुंदी माझी. कै. हिने शिकवलेली. ती गेल्यावर पहिल्या वर्षी कोणी मागितली नव्हती, मीच केली, तेव्हापासून आठ वर्षे मीच करीत आलो आहे.

निळ्या झाकणाचे, म्हणजे सायीसकटचे दूध, सहा लिटर. साडेतीन तास ढवळले. बसलो नाही. व्या. स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "अण्णासाहेब, मी घेऊ का थोडा वेळ? तुमचे पाय दुखतील."
म्हटले, "नको. याला सवय लागते."
त्यांनी पातेल्यात वाकून पाहिले. "मेधाची आई करायची," एवढेच म्हणाले आणि गेले.

वेलदोडा, जायफळ, थोडे केशर. उत्तम झाली आहे. आत्मस्तुती नव्हे, चव पाहून लिहीत आहे.

रविवार, २४ ऑक्टोबर.
रोजनिशीत खोटे लिहायचे नाही, हा माझा नियम आहे. म्हणून जसे झाले तसे लिहितो.

पातेले मोटारीपर्यंत मी तळाला दोन्ही हात घालून नेतो. आसनावर बसलो की मांडीवर घेतो आणि मग झाकणावरून फडके घालून चार टोकांची गाठ मारतो. गाठीला धरून चालले तर पातेले झोके खाते, म्हणून हा क्रम. आजही फडके खांद्यावर होते.

मी मागे बसत होतो तेवढ्यात व्या. पुढून वळले आणि म्हणाले, "द्या इकडे, अण्णासाहेब. इथे पायाशी भरपूर जागा आहे, मी धरतो." सुधीर म्हणाला, "हो, बाबांनाच द्या. मागे ईशाची सारखी धक्काबुक्की चालू असते."

मी दिले. फडके खांद्यावरच राहिले. झाकण नुसते ठेवलेले होते, हे मला ठाऊक होते. त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. सांगायला दोन शब्द पुरले असते. मनात आले, धरा. तुम्हांलाच सगळे धरायचे आहे. आणि पट्टा लावून खिडकीबाहेर पाहू लागलो.

मोठ्या चौकातील वर्तुळापाशी एक व्हॅन आडवी आली. सुधीरने ब्रेक दाबला. झाकण पुढे गेले, पाठोपाठ पातेले कलंडले. जवळजवळ सगळी बासुंदी पुढच्या गालिच्यावर. आसनाच्या रुळांत, पायमोज्यांत, व्या.च्या डाव्या बुटात. मोटार घेऊन पाच महिने झाले आहेत.

व्या. लगेच म्हणाले, "माझा हात निसटला. चूक माझी."
सौ. मेधा माझ्या शेजारी बसली होती. ती रागावली की नागपूरचे बोलते. "काय करून राहिले बाबा तुम्ही? एक पातेलं धरता नाही आलं?"
ईशा आधी हसली, मग आईकडे पाहून गप्प झाली.
मी फडके घडी करून कोटाच्या खिशात घातले.

प्रधानांकडे पोचल्यावर सौ. मेधाने किटलीतले गरम पाणी आणि भांड्यांचा साबण आणला. मी म्हणालो, "गरम नको. दूध आहे, गरमाने ते तंतूंत शिजून बसते." कोणी ऐकले नाही. पाणी ओतून झाले, ब्रशने घासूनही झाले. तेवीस वर्षे मी विमानतळावर विमाने आतून साफ केली. मुलांच्या ओकाऱ्या, वाइन, सांडलेले रश्श्याचे जेवण. पस्तीस मिनिटांत नवे प्रवासी बसवायचे आणि वास राहता कामा नये. मला कोणी विचारले नाही.

जेवण झाल्यावर प्रधान म्हणाले, "सर, दसऱ्याबद्दल दोन शब्द." व्या. प्रधानांच्या सपाता घालून, एका पायात ओला मोजा, उभे राहिले आणि आपट्याच्या पानाविषयी पंधरा मिनिटे बोलले. टाळ्या झाल्या. मला कोणीतरी म्हणाले, "अण्णा, यंदा बासुंदी नाही का?"

सोमवार, २५ ऑक्टोबर.
आज जेवणात फक्त दहीभात.
सुधीर कामावर मोटार घेऊन गेला. संध्याकाळी खिडक्या उघड्या टाकून आला. आरशाला पुठ्ठ्याचे सुगंधी झाड टांगले आहे.

स्वयंपाकघरात सौ. मेधा सुधीरला म्हणत होती, मी जिन्यावर होतो. "मी आधीपासून बघतेय, चहाचा कप धरताना त्यांचा हात हलतो. कालचं काही असंच नाही झालं. ते नागपूरला एकटे राहतात, गॅस पेटवतात, स्कूटर चालवतात. मला भीती वाटते रे."
सुधीर: "आपल्या जीपी डॉक्टरांना दाखवू या."
ती: "दाखवते. आणि परत पाठवायचं की नाही, तेही बघते."

मी जिना उतरलो नाही.
चोवीस दिवस, आता तीस, मी त्या गृहस्थांकडे जितके पाहिले तितके या घरात कोणी पाहिले नसेल. ते कप कसा धरतात, सुपारी कशी कातरतात, ईशाच्या वहीत रेघ कशी ओढतात. पट्टी न घेता सरळ ओढतात. हात हलताना मी पाहिलेला नाही.

मंगळवार, २६ ऑक्टोबर.
वास सुरू झाला. शाळेतून आणल्यावर ईशा म्हणाली, "आजोबा, तुमचा बासुंदी गाडीत मेला आहे." मी म्हणालो, बासुंदी स्त्रीलिंगी आहे. ती म्हणाली, "मग मेली आहे."

सौ. मेधा आता व्या.ना काही उचलू देत नाही. आज त्यांच्या हातून वरणाचे भांडे काढून घेतले. "राहू द्या बाबा, मी घेते." ते हात रिकामे घेऊन थोडा वेळ उभे होते. मग हात मागे बांधून बागेत गेले.
मला बरे वाटायला हवे होते. थोडे वाटलेही. लिहून ठेवतो.

बुधवार, २७ ऑक्टोबर.
सुधीरने हात टेकले. म्हणाला, सीट काढून सगळे साफ करणारी माणसे बोलावतो. मी म्हणालो, "दोन दिवस मोटार घरी ठेव. बसने जा." त्याने माझ्याकडे पाहिले. "अण्णा, बहात्तर वर्षांचे आहात." म्हणालो, "मोटारीचा गालिचा मला वय विचारणार नाही."

साडेनऊला सुरू केले. गुडघ्याखाली उशी. जुनी पांढरी चादर फाडून तुकडे केले. रंगीत कापड घ्यायचे नाही, रंग उतरतो. प्रथम चमच्याच्या कडेने जे वर आले होते ते खरवडले. मग थंड पाणी, थोडे थोडे, डागाच्या बाहेरून आत. घासायचे नाही. कापड ठेवायचे आणि तळहाताच्या टाचेने दाबायचे. कापड ओले झाले की दुसरे. पंचवीस तुकडे झाले.

अकराच्या सुमारास व्या. बाहेर आले. हात मागे बांधलेलेच.
"मी काही करू का?"
म्हटले, "नको."
ते गेले नाहीत. थोड्या वेळाने विचारले, "बाहेरून आत का?"
"आतून बाहेर गेले तर डाग वाढतो."
"बरोबर," ते म्हणाले. "बरोबर आहे. हे मला कधी सुचलं नसतं."
प्राध्यापक माणूस. मी मान वर केली नाही, परंतु तो शब्द कानात राहिला.

दुपारी वास तसाच. मी ओळखले, दूध गालिच्याखालच्या नमद्यात गेले आहे.

गुरुवार, २८ ऑक्टोबर.
आज कोजागिरी. या घरात दूध कोणी आटवायचे नाही, असे सौ. मेधाने जाहीर केले.

दाराच्या उंबऱ्यावरील प्लास्टिकची पट्टी सोडवून गालिचा उचलला. खाली जाड नमदा, पिळला तर पांढरे पाणी. व्या. शेजारी होते. मी न सांगता त्यांनी उचललेला गालिचा वर धरला. वीस मिनिटे धरला. मी त्यांच्या हातांकडे पाहत होतो. हलले नाहीत.

ते म्हणाले, "अण्णासाहेब, एक विचारू? तुमच्याकडे बायॉलॉजिकल लिहिलेली कपड्यांची पावडर असेल ना? तिच्यात दुधातल्या प्रथिनांना तोडणारी द्रव्यं असतात. पण त्यांना कोमट पाणी लागतं."
"गरम नको."
"गरम नाही. तुमच्या आंघोळीच्या पाण्याहून कमी. आणि तासभर द्यायचा."

आमच्या कंपनीचे द्रव डब्यातून येई, त्यात काय असे ते आम्हांला कोणी सांगितले नव्हते. करून पाहू म्हटले. कोपर बुडवून पाणी पाहिले. त्यांनीही बुडवले. दोघे कोपर बुडवून उभे होतो तेव्हा शेजारची बाई कुत्रा घेऊन गेली आणि काही न विचारता "लव्हली डे" म्हणाली. पाऊस पडत होता.

व्या. हसले. मीही.

तासाने थंड पाण्याने तीन वेळा खळबळून दाबून काढले. गालिच्याखाली वर्तमानपत्राच्या गुंडाळ्या घालून तो उचललेला ठेवला. दर चार तासांनी कागद बदलायचा. दोघांनी आळीपाळीने बदलला.

चहाला त्यांनी सांगितले की पत्नी गेल्यावर घरातले गालिचे त्यांनी गुंडाळून ठेवले. झाडायला कंटाळा येतो म्हणून. मी बिस्किटांचा डबा पुढे केला.

शनिवार, ३० ऑक्टोबर.
कोरडी हवा. काल दिवसभर दारे उघडी ठेवली, खाण्याचा सोडा भुरभुरून व्हॅक्यूमने ओढला. आज सुधीरने गालिच्याला नाक लावून वास घेतला.
"अण्णा, गेला. सीरियसली गेला. कसं केलंत?"
व्या. म्हणाले, "त्यांनी केलं. मी गालिचा धरला."
सौ. मेधा म्हणाली, "बाबा, तुम्ही कशाला काही धरता?"

बाजाराला निघालो. व्या. आपण होऊन मागे बसले. सुधीरने आग्रह केला, त्यांनी ऐकले नाही. "नको, पुन्हा तुमची गाडी खराब करायची नाही." पाय दुमडून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले, शाळेत बसवल्यासारखे. मी पुढे बसलो. पट्टा लावला. समोरची काच मोठी असते, रस्ता पुष्कळ दिसतो. सुधीर काहीतरी विमानांविषयी बोलत होता. मला महिनाभर हेच हवे होते. मी हो हो म्हणत होतो आणि आरशात मागे पाहत होतो.

संध्याकाळी सौ. मेधाने सांगितले, मंगळवारी जीपी. डॉक्टरांनी हातांबद्दल लिहून दिले तर व्या.ना येथेच कायम ठेवून घेण्याचा अर्ज करायचा, तिने वकील मैत्रिणीला विचारले आहे. नागपूरचे घर बंद. वीस नोव्हेंबरचे तिकीट रद्द. मागची छोटी खोली त्यांची. तेथे माझे कपाट आहे, ते माझ्या खोलीत हलवतील.

म्हणजे मी गप्प राहिल्याचे फळ असे, की ते जन्मभर येथे. पुढची जागा, बाबा, पावकी, सर, सगळे.

सांगितले तर ते आपल्या घरी जातात, हात शाबूत ठरून. मी मात्र सुनेसमोर, मुलासमोर कोण ठरतो, ते दिसतेच आहे. एका म्हाताऱ्याने दुसऱ्याला पातेले न बांधता दिले.
आणि सांगायचे ते खरे म्हणून सांगायचे, की त्यांना घालवायला? पेन थांबवून बसलो. तरी सांगणार. उद्या, प्रथम त्यांना.

रविवार, ३१ ऑक्टोबर.
घड्याळे तासभर मागे केली. भिंतीवरचे मी केले.

मोटारीतले शेवटचे कागद काढायला दोघे गेलो. ते पुढे, मी चालकाच्या जागी. दारे लावून घेतली. मी सरळ सांगितले. फडके बांधलेले नव्हते, मला माहीत होते, मी मुद्दाम बोललो नाही. तुमचा हात निसटला नाही.

त्यांनी गालिच्याची कड बोटाने दाबून पाहिली. "मला वाटलंच होतं. झाकण फार सहज गेलं."
"मग तेव्हाच का नाही बोललात?"
"मुलीच्या घरी आहे मी, अण्णासाहेब."

मी म्हणालो, "आज मेधाला सांगतो. मंगळवारची कटकट नको, तिकीट रद्द नको. तुम्ही खुशाल आपल्या घरी जा."
ते म्हणाले, "नका सांगू."
मला वाटले, माझी अब्रू राखीत आहेत. म्हटले, माझी काळजी करू नका.
"तुमची नाही करून राहिलो." प्रथमच मी त्यांच्या तोंडून ते बोलणे ऐकले. "नागपूरला सकाळी दार उघडल्यापासून बंद करेपर्यंत माझ्याशी एक दूधवाला बोलतो. तो फक्त 'किती' विचारतो. मेधानं 'इथंच राहा' म्हटलं ते या पातेल्यामुळे. तिची आई गेल्यापासून सात वर्षांत म्हटलं नव्हतं. आणि मी स्वतःहून कसं मागू? मुलीच्या घरी?"
मी गोळा केलेले कागद त्यांच्याकडे दिले.
"तुम्ही फक्त गप्प राहा. आठवडाभर राहिलातच."

हे शेवटचे त्यांनी हसत म्हटले, परंतु लागायचे ते लागले. मग दार उघडून, कागद काखेत मारून, घरात गेले. मी स्टिअरिंगसमोर बसून राहिलो. मला मोटार चालवता येत नाही.

दुपारी जेवायला पाचही जण. वरण, भात, फ्लॉवरची भाजी. सौ. मेधाने पाने वाढली आणि आपले पान न घेता माझ्याजवळ बसली.
"अण्णा, तुम्ही दिवसभर त्यांच्यासोबत घरी असता. डॉक्टर विचारतील. खरं सांगा, बाबांचा हात तुम्हांला कसा वाटतो?"

सुधीर जेवायचा थांबला. ईशासुद्धा पाहू लागली. मी समोर पाहिले. व्या. भात कालवीत होते, नेहमीसारखे, एकही शीत पानाबाहेर नाही. त्यांनी वर पाहिले नाही. वरणाची वाटी उचलली. वाटी हलली. थोडे वरण टेबलावर सांडले. खरी हलली की हलवली, हे एवढ्या जवळून, एवढे दिवस पाहूनही मला कळले नाही.

सौ. मेधा फडके घेऊन उठली. मी म्हणालो, "उद्या सांगतो."